मावशीच्या गावी: योकोहामा

जपान पाहायला येणारे पाहुणे तोक्यो, क्योतो, फुजी आणि जमलंच तर हिरोशिमा अशी यादी घेऊनच विमानातून उतरतात. योकोहामा त्यात नसतं. तोक्योतल्या शिबुयाहून गाडीने अर्ध्या तासात येता येतं, म्हणून बऱ्याच जणांना ते तोक्योचं उपनगर वाटतं. इथल्या लोकांना मात्र हे बोललेलं अजिबात खपत नाही, आणि आता मलाही. ३७ लाखांहून जास्त वस्तीचं, जपानातलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर आहे हे! शिवाय १९६५ पासून मुंबईचं भगिनी शहर. म्हणजे आम्हा मुंबईकरांची मावशीच लागते.

१८५९ मध्ये परदेशी व्यापारासाठी बंदर उघडलं, त्याआधी इथे कोळ्यांचं लहानसं गाव होतं. १८७२ मध्ये जपानची पहिली रेल्वे तोक्योतल्या शिंबाशीहून इथे आली. ते स्टेशन होतं आजच्या साकुरागिचोच्या जागी. आपली बोरीबंदर-ठाणे गाडी त्याच्या १९ वर्षं आधी धावली, हे जपानी मित्रांना ऐकवताना कॉलर आपोआप ताठ होते.

साकुरागिचोला उतरलं की समोर मिनातो मिराई. उंच इमारती, मॉल, आकाशपाळणा, डोक्यावरून जाणारा रोपवे. फोटो सगळे इथलेच असतात. २९६ मीटरचा लँडमार्क टॉवर १९९३ चा; वीसेक वर्षं जपानमधली सर्वांत उंच इमारत तीच होती. मला ओढ आहे ती त्याच्या पायथ्याची. १९८०च्या दशकापर्यंत हा सगळा भाग जहाजबांधणीचा कारखाना होता. कारखाना हलवला, पण १८९६ ची दगडी सुकी गोदी (जहाज आत घेऊन पाणी उपसायची जागा) जपली. आता तिच्या पायऱ्या उतरून खाली जाता येतं, कडेला उपाहारगृहं आहेत. शेजारच्या दुसऱ्या गोदीत निप्पोन मारू हे शिडाचं जहाज उभं आहे. परळ-लालबागच्या गिरण्यांचं काय झालं ते पाहिलेल्या माणसाला इथे थोडं चरफडायला होतंच. आपण चिमण्या तेवढ्या ठेवल्या, त्याही मॉलच्या शोभेला.

लाल विटांची गोदामं (१९११ आणि १९१३) छान आहेत, पण आत दुकानंच. सुट्टीच्या दिवशी बाहेरूनच बघा. त्यापेक्षा जवळचे तीन मनोरे शोधा: प्रांताच्या सरकारी कचेरीचा ‘किंग’, कस्टम हाऊसची ‘क्वीन’ आणि बंदर-स्मारक सभागृहाचा ‘जॅक’. पत्त्यांवरून नावं खलाशांनी ठेवली म्हणतात. तिन्ही एकदम दिसतील अशा मोजक्या जागांवर खुणा केल्या आहेत. त्या सगळ्या जागांवरून पाहिलं तर इच्छा पूर्ण होते असा समज आहे.

तिथून समुद्राकाठाने यामाशिता पार्क. बागेची जमीनच मुळी ढिगाऱ्याची. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात आणि आगीत योकोहामा जवळजवळ संपलं होतं. तो मलबा समुद्रात टाकून त्यावर ही बाग केली, १९३० मध्ये. बागेच्या एका टोकाला घुमटाची छत्री दिसते. आत पिण्याच्या पाण्याची सोय केली होती. आपल्याकडच्या जुन्या पाणपोयांच्याच घरातली वाटते. ती भारतीय व्यापाऱ्यांनी शहराला दिली: भूकंपात मेलेल्या देशबांधवांच्या आठवणीसाठी, आणि वाचलेल्यांना योकोहामाकरांनी आधार दिला त्याच्या कृतज्ञतेपोटी. यात थोडा व्यवहारही होता बरं का. रेशमी कापडाच्या निर्यातीत भारतीयांचा मोठा हात होता, आणि भूकंपानंतर ते कोबेला निघून गेले होते. त्यांनी परत यावं म्हणून योकोहामाने त्यांच्यासाठी घरं-दुकानं बांधून दिली. माणुसकी आणि धंदा एका ताटात जेवले म्हणायचे. मुंबईकराला यात वावगं काय वाटणार?

समोरच धक्क्याला हिकावा मारू हे १९३० चं प्रवासी जहाज कायमचं बांधलेलं आहे. आत जाऊन बघा. पहिल्या वर्गाचं जेवणघर आणि खालची इंजिनं दोन्ही चुकवू नका. हे जहाज ज्या कंपनीचं, तिनेच १८९३ मध्ये कोबे ते मुंबई अशी नियमित बोट सुरू केली होती. जमशेदजी टाटांच्या साथीने, जपानी गिरण्यांसाठी कापूस आणायला.

चायनाटाऊन मागेच आहे. रंगीत कमानी, गर्दी, वाफाळते बन. शाकाहारी असाल तर कठीण. भाजीच्या बनमध्येसुद्धा डुकराची चरबी निघू शकते, तेव्हा विचारूनच घ्या. संध्याकाळी नोगे या भागात जा. तिथे ओओका नदीच्या वळणाबरोबर वळलेली मियाकोबाशीची दुमजली इमारत आहे, आत खुराड्याएवढे बार. पाच-सहा माणसं बसली की ‘हाऊसफुल्ल’.

आणि सानकेएन. रेशमाच्या एका धनाढ्य व्यापाऱ्याने १९०६ मध्ये लोकांसाठी खुली केलेली ही बाग, त्यात क्योतो-कामाकुराहून उचलून आणलेल्या जुन्या वास्तू. १९१६ मध्ये रवींद्रनाथ टागोर इथेच त्याच्याकडे उतरले होते. रेल्वे दारापर्यंत जात नाही, बसच पकडावी लागते, म्हणून पाहुणे कंटाळा करतात. हातात एकच दिवस असेल तर चायनाटाऊन सोडा, पण इकडे याच.