बुल्गाकोवच्या मॉस्कोतला ५० नंबर

पॅट्रिआर्क पाँड्स हे नाव अनेकवचनी, पण तळं एकच. काठाने झाडं, बाकांवर कॉफी पिणारी तरुण मंडळी. रशियन लेखक मिखाईल बुल्गाकोवच्या ‘मास्टर आणि मार्गारिटा’ या कादंबरीची सुरुवात इथेच होते. येशू जन्मलाच नाही, असं एका कवीला पटवून देणाऱ्या संपादकाला बाकावर एक परदेशी गृहस्थ भेटतो. तो सैतान निघतो, आणि थोड्याच वेळात संपादकाचं मुंडकं ट्रामखाली जातं. अनोळखी माणसांशी बोलू नका, असं बजावणाऱ्या पाटीशेजारी सगळे फोटो काढतात. मीही काढला.

पण मला खरी ओढ होती ती बोल्शाया सादोवाया, १० नंबरच्या इमारतीची. मायाकोव्हस्काया मेट्रोपासून अगदी जवळ. कमानीतून अंगणात शिरायचं आणि सहाव्या दारातला जिना चढायचा. भिंतींवर वाचकांनी काढलेली चित्रं, त्यात कादंबरीतल्या सैतानाच्या साथीदाराची, त्या आडदांड काळ्या बोक्याची तर रेलचेल. वर फ्लॅट नंबर ५०. डॉक्टरकी सोडून १९२१ साली मॉस्कोत आलेला बुल्गाकोव बायकोसह इथल्या एका खोलीत राहिला. बाकीच्या खोल्यांत इतर बिऱ्हाडं, स्वयंपाकघर सामायिक. आता तिथे संग्रहालय आहे.

कादंबरीत सैतान याच फ्लॅटमध्ये मुक्काम ठोकतो. मजा अशी की तो येण्याच्या दोन वर्षं आधीपासूनच इथली माणसं नाहीशी होत असतात. पांढरे हातमोजे घातलेला एक सभ्य पोलीस येतो, सही करायला जरा चौकीवर चला म्हणतो. भाडेकरू मोलकरणीला सांगतो, दहा मिनिटांत येतो. तो परत येत नाही, आणि तो पोलीसही पुन्हा दिसत नाही. मोलकरीण याला जादूटोणा म्हणते! अटक हा शब्द बुल्गाकोव तिथे काढतही नाही. सैतानाच्या सगळ्या करामतींपेक्षा हा परिच्छेद मला जास्त भयंकर वाटतो, आणि हसूही त्यालाच जास्त येतं.

१९३० मध्ये बुल्गाकोवने कादंबरीचं हस्तलिखित जाळलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये स्टालिनचा फोन आला आणि मॉस्को आर्ट थिएटरात नोकरी मिळाली, पण छपाईचं दार बंदच राहिलं. कादंबरी त्याने पुन्हा लिहिली. अखेरच्या आजारात नजर गेल्यावर तो पत्नी येलेनाला दुरुस्त्या सांगत असे. १९४० च्या मार्चमध्ये तो गेला.

नोवोदेविची स्मशानभूमीत दोघं शेजारी आहेत. थडग्यावरचा ओबडधोबड दगड मूळचा थोर लेखक गोगोलच्या कबरीवरचा. तो काढून टाकला गेला होता, येलेनाने पाथरवटांकडे शोधून काढला. तिची चिकाटीच तशी. ‘मॉस्क्वा’ मासिकात १९६६-६७ साली कादंबरी एकदाची छापून आली तीही कात्री लागून. मग लोकांनी गाळलेला मजकूर टाइप करून हातोहात फिरवायला सुरुवात केली, आणि कुठला तुकडा कुठे बसतो तेही सोबत लिहून दिलं.