बोटांत जोर येईपर्यंत

लिव्हर ट्रान्सप्लांट झालेल्या पेशंटला उठवून बसवायचं, उभं करायचं, चार पावलं चालवायचं, हे माझं रोजचं काम. पुण्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून बरीच वर्षं हेच करतेय. त्या दिवशी मात्र काका उठायलाच तयार नव्हते. टाके कोरडे होते, रिपोर्ट चांगले येत होते, नव्या लिव्हरनं काम धरलं होतं. तरी हा माणूस भिंतीकडे तोंड करून पडलेला.

काकूंनी बाहेर येऊन सांगितलं, "मॅडम, यांच्याबरोबर लिव्हरसाठी यादीत होते ना ते, ते गेले. काल रात्री कळलं यांना."

दोघं ओपीडीत एकाच बाकावर बसायचे, पोटातलं पाणी काढायलाही कित्येकदा एकाच दिवशी यायचे. यादीत नुसतं आधी नाव घालून भागत नाही. रक्तगट जुळावा लागतो, आजार किती पुढे गेलाय तेही बघतात. काकांना अवयव मिळाला, त्यांना नाही.

"ते माझ्या आधीपासून थांबले होते," एवढंच काका म्हणाले.

अशा वेळी 'देवाची इच्छा' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. काका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे, म्हणून मी त्यांना वॉल्टर ट्राउटची गोष्ट सांगितली. हा अमेरिकन ब्लूज गिटारिस्ट, ब्रिटिश ब्लूज गायक जॉन मेयॉलच्या बँडमध्ये वाजवलेला. तरुणपणी दारू आणि ड्रग्जमध्ये बुडालेला, १९८७ साली त्यातून बाहेर पडला. पण पुढे लिव्हरनं दगा दिलाच. त्याची बायको मारी त्याच्यासाठी झटत राहिली, चाहत्यांनी वर्गणी काढली आणि मे २०१४ मध्ये नेब्रास्कातल्या ओमाहा शहरात त्याचं ट्रान्सप्लांट झालं. त्या आजारपणात त्याची वाचा गेली होती, गिटारही पहिल्यापासून शिकावी लागली. हे सगळं त्यानं २०१५ च्या 'बॅटल स्कार्स' या अल्बममध्ये मांडलंय.

मला हा अल्बम मोलाचा वाटतो, कारण त्यात बरं झाल्याचा नुसता जल्लोष नाही. भीती आहे, चिडचिड आहे, घरी न्या म्हणून केलेली विनवणी आहे. 'ओमाहा' हे गाणं तर थेट वॉर्डातलंच. आपण थांबलोय आणि आजूबाजूची माणसं जाताहेत. केस पेपरवर आम्ही रक्तदाब लिहितो, ड्रेनमधलं, म्हणजे पोटात घातलेल्या नळीतून येणारं पाणी मोजून लिहितो. हे मात्र कुठल्याच रकान्यात बसत नाही.

मोबाइलवर 'ओमाहा' लावलं. इंग्रजी शब्द काकांना फारसे कळले नसावेत, पण गिटार त्यांनी नीट ऐकली. सोलो संपल्यावर कूस वळवून विचारलं, "हा परत स्टेजवर गेला?"

"हो. साधारण वर्षभरानं, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये."

"बोटं चालली त्याची?"

"चालवली त्यानं."

दुपारी मुलगा गिटार घेऊन आला. इन्फेक्शनच्या भीतीनं सिस्टरांनी आधी ती दाराबाहेरच थांबवली. डॉक्टरांची परवानगी आली, मग नवीन तारा चढवून आणि सगळी पुसून घेऊन ती आत आली. खुर्चीत बसायला काकांना मी आणि सिस्टर, दोघी लागलो. मांडीवर गिटार, पोटावरच्या टाक्यांना धक्का नको म्हणून मध्ये उशी. बोटांच्या टोकांवरचे घट्टे पार गेलेले, त्यात शरीरानं नवं लिव्हर नाकारू नये म्हणून दिलेल्या टॅक्रोलिमसच्या गोळ्यांमुळे हात थरथरत होता. ई मायनर कॉर्ड धरला तर दोन तारा नुसत्या खरखरल्या. बोटं सरकवून काकांनी परत दाबला. चिडून एकदा गिटार बाजूला ठेवली, मग स्वतःच मागून घेतली. स्पंजचा बॉल ज्यांनी दोनदासुद्धा दाबला नव्हता, ते त्या एका कॉर्डसाठी घामाघूम झाले. शेवटी सगळ्या तारा स्वच्छ वाजल्या. मी त्यांच्या चार्टवर हाताच्या व्यायामात 'गिटार, दिवसातून दोन वेळा' असं लिहून टाकलं.

चालायचं अजून बाकी होतं. वॉकर समोर ठेवला तेव्हा ते काकूंना म्हणाले, "त्यांच्या घरचा नंबर आहे ना तुझ्याकडे? दारापर्यंत जाऊन येतो, मग लावून दे. वहिनींशी बोलायचंय मला."