काखेतलं घुमट

संगीताच्या कपाटात घुमटं, म्हणजे मातीच्या मडक्याच्या तोंडाला कातडं ताणून केलेली आमची गोव्याची वाद्यं, दोनच होती आणि आम्ही वर्गात तीसजण. आठवीत असताना एका शनिवारी सरांनी त्यातलं एक माझ्या गळ्यात अडकवलं. मी हात आखडूनच उभी राहिले. "वाजय गो, फुटचें ना," सर म्हणाले.

भीती फुटण्याची नव्हतीच. आमच्या घरी चवथीला घुमट पुरुषच वाजवायचे. आम्ही मुलींनी माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगायच्या लाकडी चौकटीला, फळं बांधायची, आरतीचं ताट लावायचं आणि मग दाराशी उभं राहून ऐकायचं. ताल सगळे पाठ होते, पण वाद्याला हात लावायची सोय नव्हती. आणि संगीताच्या वर्गात भिंतीवर फोटो कोणाचे, तर केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर या गोव्याच्याच थोर गायिकांचे!

घुमट वाजवताना बघणाऱ्याला उजव्या हाताची बोटं दिसतात. खरं काम डाव्या तळव्याचं. मडक्याचं मागचं अरुंद तोंड तळव्याने झाकलं की नाद दबतो, सोडलं की घुमतो. ही उघडझाप थापेशी जुळायला मला दोन महिने लागले. जुळली त्या दिवशी तो नाद काखेतून थेट बरगड्यांत उतरला. अजून आठवलं तरी तिथेच जाणवतो. आम्ही घाई करू लागलो की सर हात वर करून थांबवायचे, "आधी शामेळ ऐका." शामेळ म्हणजे घुमटाच्या सोबतीला काड्यांनी वाजवायचं तालवाद्य. दुसऱ्याचं ऐकून मग आपला हात टाकायचा, हे मला दुसऱ्या कुठल्याच तासाला कोणी शिकवलं नाही. घुमटाला घोरपडीचं कातडं का लावायचं नाही, बकऱ्याचं का लावायचं, तेही त्याच तासाला कळलं.

दहावीला तो तास गणिताला गेला. निकाल चांगला लागावा म्हणूनच गेला, हे मला कळतं. तरी ते चुकलंच असं मी आजही म्हणेन. ज्यांच्या घरी पेटी होती, ज्यांना फोंड्याला क्लासला पाठवणं परवडत होतं, त्यांचं काही अडलं नाही. माझे बाबा काजूच्या बागेत मजुरीला जायचे. माझ्यासाठी क्लास म्हणजे ही सरकारी शाळा आणि ते कपाट, एवढंच. तिथे कुलूप लागलं की माझ्यासारख्यांना दुसरं दार नसतं. म्हणून संगीत आणि चित्रकला हे वेळ उरला तर घ्यायचे विषय आहेत असं कोणी म्हटलं की मला राहवत नाही.

२०१९ साली घुमट राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर झालं. त्या वर्षी चवथीला घरच्या आरतीत मी घुमट घेतलं. काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि शामेळाच्या काड्या उचलल्या. आजी पाटावरून उठून पुढे येऊन बसली.

माझ्या त्या शाळेच्या महोत्सवानिमित्त मी शाळेला दोन घुमटं देत आहे. त्यातलं एक मुद्दाम लहान करून घेतलं आहे, पाचवीतल्या मुलीच्या काखेत नीट बसेल असं.