ग्वाल्हेरहून भिंड आणि धोलपूर: ‘बँडिट क्वीन’च्या मागावर

मुक्काम ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, महाराज बाड्याच्या चौकाजवळ ठेवला की दोन्ही फेऱ्या सोप्या पडतात. भिंड ईशान्येला सुमारे ८० किलोमीटर, धोलपूर उत्तरेला मुरैनामार्गे साधारण ६५. दिशा वेगळ्या, त्यामुळे आम्ही दोन्ही ठिकाणांना वेगवेगळे दिवस दिले.

आधी धोलपूर, कारण शेखर कपूर यांनी डाकू फूलन देवींवरच्या १९९४च्या या चित्रपटासाठी कॅमेरा इथल्या बीहडात, म्हणजे नदीकाठच्या घळयांच्या रानात, लावला. मुरैना सोडल्यावर चंबळचा पूल लागतो आणि दोन्ही बाजूंना मातीच्या घळया दिसू लागतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम; वाळूवर ऊन खात पडलेल्या घडियालीही दिसतात. पावसाळ्यात मात्र माती पायाखालून सरकते. आत शिरलात तर चार वळणांत दिशा हरवते, म्हणून गावातला माणूस सोबत हवाच.

पडद्यावर हे सगळं इतकं चपखल बसतं की त्यातलं बेहमई गावही इथलंच वाटतं. ते आहे उत्तर प्रदेशातल्या कानपूर देहात जिल्ह्यात, यमुनाकाठी. फूलन देवींच्या टोळीच्या नावावर असलेलं १४ फेब्रुवारी १९८१चं हत्याकांड तिथलं.

भिंडला १२ फेब्रुवारी १९८३ रोजी फूलन देवींनी मुख्यमंत्री अर्जुन सिंह यांच्यापुढे, गांधीजी आणि दुर्गेच्या तसबिरींसमोर बंदूक ठेवली. चित्रपट याच शरणागतीवर संपतो. पटकथेची मुळं मात्र त्यानंतरच्या काळातली. खटला न चालता अकरा वर्षं कैद झाली, त्यातली बरीच ग्वाल्हेरच्या तुरुंगात. फूलन देवींना लिहिता येत नव्हतं. त्या सांगत, दुसरे कैदी लिहून घेत आणि कागद गुपचूप बाहेर जात. त्यावर लेखिका माला सेन यांचं १९९१चं पुस्तक उभं राहिलं आणि पटकथेवर नावही त्यांचंच आहे. तरी वजन हललं. पुस्तकात चुलतभावाशी असलेला जमिनीचा तंटा ठळक आहे; पडद्यावर तो विरतो आणि बलात्कार व सूड यांनीच चित्र व्यापतं. वर सुरुवातीला ‘ही सत्यकथा आहे’ अशी पाटी! आमच्या मते खरी गफलत त्या पाटीत आहे. बेहमईत आपण गोळ्या झाडल्या नाहीत, असं सांगणाऱ्या फूलन देवी याच चित्रपटाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या; पुढे तडजोड झाली. गुर्जर समाजाची बदनामी होते म्हणून दुसरा खटला झाला, तो १ मे १९९६ला सर्वोच्च न्यायालयात चित्रपटाच्या बाजूने सुटला.

पात्रनिवडीला मात्र नाव ठेवायला जागा नाही. तिग्मांशू धुलिया यांनी ओळखीचे तारे टाळून रंगभूमीवरची माणसं आणली. मनोज बाजपेयींचा विचार आधी फूलन देवींचा साथीदार डाकू विक्रम मल्लाह याच्या भूमिकेसाठी झाला होता. ती भूमिका निर्मल पांडेंकडे गेली आणि बाजपेयी दुसरा डाकू मानसिंह झाले. फूलन देवी साकारणाऱ्या सीमा बिस्वास यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

ग्वाल्हेरचा तुरुंग बाहेरूनच पाहायचा, कॅमेरा पिशवीत ठेवून. भिंडची फेरी आटोपून दुपारीच परतीची बस धरा. अंधारात या रस्त्यावर ट्रकांमागे रखडण्यात काही मजा नाही.