छोट्या हत्तीचं भाडं

दहावीला बीजगणिताचं पहिलंच प्रकरण दोन चलांतील रेषीय समीकरणांचं. मुलं आलेख काढतात, छेदनबिंदू लिहितात आणि वही मिटतात. बिंदूच्या अलीकडे-पलीकडे काय घडतं, ते कोणी बघत नाही, आणि मला तर तेच शिकवायचं असतं.

यंदा वर्गातल्या एका मुलीच्या बहिणीचं लग्न होतं. रुखवताचं सामान न्यायला छोटा हत्ती ठरवायचा होता. यावलमधले तिघांचे दर तिने सांगितले, आम्ही ते फळ्यावर मांडले. पहिला गाडी दारात लावायचे 600 घेतो आणि वर किलोमीटरला 20. दुसरा नुसते किलोमीटरला 35. तिसरा 60 किलोमीटरपर्यंत कुठेही चला, सरसकट 1500.

पहिल्याची रेषा Y अक्षावर 600 पासून निघाली, दुसऱ्याची आरंभबिंदूतून, पण चढ जास्त. तिसऱ्याची आडवी. "सर, ही 60 ला थांबते मंग?" मागच्या बाकावरून आवाज आला. थांबतेच! आणि बाकीच्या दोन्हीही शून्याच्या डावीकडे जात नाहीत, कारण उणे किलोमीटर गाडी चालत नाही. पुस्तकातल्या रेषांना दोन्ही टोकांना बाण असतात, भाड्याच्या रेषांना नसतात.

प्रमाण मात्र माझंच चुकलं होतं. 1 सेमीला 10 किलोमीटर धरल्यामुळे तिन्ही रेषा एकाच ठिकाणी छेदतात असं वाटत होतं. 1 सेमीला 5 धरून पुन्हा काढल्यावर उलगडलं. 40 किलोमीटरपर्यंत दुसरा स्वस्त, 45 च्या पुढे तिसरा, आणि पहिल्याच्या वाट्याला मधले जेमतेम पाचच किलोमीटर. दारात उभे राहायचे 600 घेणारा इतक्या अरुंद पट्टीत परवडतो, हे तोंडी हिशेबात मलाही दिसलं नव्हतं. भुसावळ वीसेक किलोमीटर, तिथे दुसरा 700 मध्ये जातो आणि पहिला 1000 घेतो.

मुलीच्या बहिणीचं सासर 52 किलोमीटरवर. वडिलांची बोलणी पहिल्याशी झाली होती, म्हणजे 1640. ती आलेख कागद घरी घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी वडिलांचा निरोप आला: तिसऱ्याला फोन केलाय, पण सामान उतरवून घेईपर्यंत गाडी थांबेल, त्या तासांचे पैसे सरांनी कुठल्या रेषेत धरले?

धरलेच नव्हते. सोमवारी X अक्षावर तास घेऊन बसणार आहोत.