तुम्ही विचारलंत म्हणून : अ‍ॅम्स्टरडॅमचा ‘तो’ भाग

भारतातून येणारे पाहुणे ट्यूलिप आणि पवनचक्क्या पाहून झाल्या की आवाज खाली आणून विचारतात, “तो रेड लाइट एरिया दाखवाल ना?” मुंबईत जन्म काढून कामाठीपुऱ्यात कधी पाऊल न टाकलेली माणसंही हे विचारतात. दाखवीन की. पण आधी सकाळी चला.

सकाळी गर्दी नसते, तेव्हा डे वालन, म्हणजे तोच रेड लाइट एरिया, ही एक वस्ती आहे हे कळतं. शहराचा हा सगळ्यात जुना भाग. मधोमध औडे केर्क हे 1306 सालचं चर्च. रेम्ब्रांटची बायको सास्किया हिची कबर त्यातच आहे. चर्चमधून बाहेर पडलं की समोरच काचेची दारं, त्यामागे गिऱ्हाइकाची वाट पाहणाऱ्या बायका आणि लाल दिवे. बंदर जवळ, खलाशी इथेच उतरायचे, म्हणून हा व्यवसाय इथे शतकानुशतकं टिकला. 1578 नंतर कॅथलिकांना उघड उपासनेची बंदी झाली, तेव्हा इथल्याच कालव्याकाठच्या एका घराच्या माळ्यावर त्यांनी चर्च थाटलं. अधिकाऱ्यांना ठाऊक होतं, त्यांनी चालू दिलं. कुंटणखान्यांवर 1911 साली कायद्याने बंदी आली, तीही अशीच कागदावर राहिली आणि 2000 साली उठली.

आता त्या काचेमागच्या बायकांबद्दल. खोली त्या पाळीपुरती भाड्याने घेतात. कोणाला आत घ्यायचं, किती पैसे घ्यायचे, हे स्वतः ठरवतात. कर भरतात. इथे या कामासाठी किमान वय 21 आहे. सगळ्याच जणी स्वखुशीने आल्या असं मी म्हणणार नाही. मानवी तस्करी इथेही सापडली आहे. तेच कारण देऊन पालिकेने 2007 पासून शंभराहून अधिक खिडक्या, म्हणजे या काचेच्या दारांच्या खोल्या, बंद केल्या. त्याविरुद्ध 2015 मध्ये याच बायका रस्त्यावर उतरल्या. त्यांचं म्हणणं मला पटतं : खिडकी गेली म्हणून काम थांबत नाही, ते जिथे कोणाचं लक्ष नाही तिथे जातं.

खरा त्रास बघ्यांचा आहे. घोळक्याने यायचं, काचेवर टकटक करायची, खिदळायचं, चोरून फोटो काढायचे. याला कंटाळून 2020 पासून खिडक्यांसमोरून गाइडसह सहली न्यायला बंदी आली. महापौर फेम्के हाल्सेमा यांना तर यातल्या बऱ्याच खिडक्या इथून हलवून शहराच्या दक्षिणेला शंभर खोल्यांचं केंद्र उभारायचं आहे. मला हा अन्याय वाटतो. धिंगाणा पर्यटकांनी घालायचा आणि बिऱ्हाड हलवायचं त्या बायकांनी!

म्हणून संध्याकाळीही जायचं असेल तर जरूर जाऊ. फोन खिशात राहील. काचेपाशी घुटमळायचं नाही, बोट दाखवायचं नाही. ती बाई कामावर आहे. चर्चसमोरच्या चौकात ‘बेल’ नावाचा ब्राँझचा पुतळा आहे, दारात ठाम उभी राहिलेली बाई. जगभरच्या सेक्स वर्कर्सचा मान राखा, असं त्याखाली लिहिलं आहे. तिथे हवं तितकं थांबा, फोटोही काढा. आणि मनात प्रश्न असतील तर शेजारच्या बोळातच एक माहिती केंद्र आहे, पूर्वी हेच काम केलेल्या एका बाईने 1994 मध्ये सुरू केलेलं. ते मला विचारण्यापेक्षा तिथे विचारा.