४० सेकंदांनी तुटणारी लाइन

लॅपटॉपला चिकटवलेल्या चिठ्ठीवर दोन तक्रारी होत्या. लिनक्सचा कर्नल (यंत्रणेचा गाभा) अपडेट केल्यापासून मॉडेम (फोनच्या तारेवरून इंटरनेटला जोडणारं उपकरण) सापडत नाही. आणि कधी सापडलाच, तर लाइन लागून लगेच तुटते. खाली आणखी एक शेरा: टेलिफोनवाल्यांकडे तक्रार नोंदवली, त्यांचा माणूस दोनदा येऊन गेला, लाइन ठीक आहे म्हणतो. दोन्ही तक्रारी अपडेटनंतरच्या, म्हणून कारणही एकच असणार असं मी धरून चाललो. त्यात अर्धा दिवस गेला.

यंत्र ३२ बिटी, कर्नल २.६ मालिकेतला, मॉडेम आतलाच. माझ्याआधी कोणीतरी बरीच खटपट केलेली दिसत होती. स्टार्टअपच्या स्क्रिप्टमध्ये सेटसीरियलची, म्हणजे सीरियल पोर्टची माहिती कर्नलला देणारी, एक ओळ होती: आतल्या कार्डांची यादी देणाऱ्या एलएसपीसीआयने दाखवलेला पोर्टचा पत्ता आणि आयआरक्यू (इंटरप्टचा, म्हणजे सीपीयूला हाक मारण्याचा क्रमांक) उचलून /डेव/टीटीवायएस२ या पोर्टला लावलेले. हा उपाय जुना आहे आणि खोटा नाही, पण तो फक्त खऱ्या हार्डवेअर मॉडेमला चालतो. तसल्या पीसीआय कार्डावर १६५५०ए जातीचा यूएआरटी, म्हणजे सीरियल पोर्टची चिप, असतो. कर्नलला त्याचा पत्ता कळला की काम झालं. अडचण अशी की ऑटोकॉन्फिग सांगितलं नाही तर सेटसीरियल तुम्ही द्याल तो पत्ता मुकाट्याने लिहून घेतं. तिथे यूएआरटी आहे की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. एरर येत नाही, आणि मॉडेमला हाक मारणारी एटी ही आज्ञा टाइप केल्यावर उत्तरही येत नाही. ती ओळ आधी काढली. मॉडेम शोधणारं डब्ल्यूव्हीडायलकॉन्फ टीटीवायएस० पासून एकेक पोर्ट चाचपून रिकाम्या हाताने परत येत होतं, त्याचं कारणही हेच.

मग एलएसपीसीआय -एन. ००:१एफ.५ वर ८०८६:२४सी५, म्हणजे इंटेल आयसीएच४ चा एसी९७ ऑडिओ. शेजारी ००:१एफ.६ वर ८०८६:२४सी६, वर्ग ०७०३, म्हणजे त्याच चिपसेटमधला मॉडेमचा भाग. इथे बरेच जण "इंटेलचा मॉडेम" म्हणून ड्रायव्हर शोधायला निघतात आणि भलताच उतरवून आणतात. हा क्रमांक फक्त कंट्रोलरचा. मॉडेम खरा कोणाचा, हे त्याच्या पलीकडच्या छोट्या कार्डावरचा कोडेक (आवाज आणि आकडे यांची अदलाबदल करणारी चिप) सांगतो. तो वाचायचा तर अल्सा या लिनक्सच्या ध्वनियंत्रणेचं एसएनडी-इंटेल८एक्स०एम हे मॉड्यूल (कर्नलला जोडता येणारा ड्रायव्हर) चढवायचं आणि /प्रॉक/असाउंड खाली मॉडेमच्या कार्डाची एमसी९७ फाइल उघडायची. कोडेकच्या हेक्स ओळखीतली पहिली तीन अक्षरं ही बनवणाऱ्याची सही असते: ५३ ४९ ४सी म्हणजे एस-आय-एल, सिलिकॉन लॅबोरेटरीज, ४३ ५८ ५४ म्हणजे सी-एक्स-टी, कोनेक्झंट. सी-एक्स-टी निघाला असता तर एचएसएफ ड्रायव्हरच्या वाटेला जावं लागलं असतं, आणि त्याची फुकट आवृत्ती १४.४ केबीपीएसवर अडवलेली होती. इथे निघाला एस-आय-एल. याला स्मार्टलिंकचा एसएलमॉडेम हा ड्रायव्हर चालतो.

हा मॉडेम नेमका काय करतो ते आधी सांगतो. पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. कार्डावर फोनच्या तारेपासून यंत्राला विजेच्या दृष्टीने वेगळं ठेवणारा भाग आहे आणि आवाजाचे आकडे व आकड्यांचा आवाज करणारा कोडेक आहे. बस, एवढंच. सूर ओळखणं, प्रतिध्वनी काढून टाकणं, वेगाची बोलणी करणं, चुका दुरुस्त करणं, हे सगळं एसएलमॉडेमडी नावाचा प्रोग्रॅम सीपीयूवर करतो. सेकंदाला ९६०० नमुने येतात आणि तेवढेच जातात. ते वेळेवर उचलले नाहीत की गेले. तार थांबत नाही.

पहिल्या तक्रारीचा उलगडा डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांमध्ये, होता. जुन्या कर्नलवर एसएलमॉडेमचंच एसएलएएमआर हे मॉड्यूल वापरात होतं. ते अर्धं बंदिस्त असतं: वरचं आवरण सोर्समध्ये मिळतं, आतला गाभा बनवून दिलेली ३२ बिटी ऑब्जेक्ट फाइल. कर्नल बदलला की आवरण नव्या हेडर्सवर पुन्हा बांधावं लागतं. इथे ते बांधलंच नव्हतं. व्हर्जन मॅजिक (मॉड्यूल कोणत्या कर्नलसाठी बांधलं याची खूण) जुळत नाही अशी तक्रार आल्यावर कोणीतरी मॉडप्रोबला -एफ देऊन ते जबरदस्तीने चढवलं होतं. चढलं खरं, पण दोन बूटांपैकी एकदाच चाललं. नवा कर्नल सुरू होताना एसएनडी-इंटेल८एक्स०एम आपोआप चढवत होता, आणि दोघांनाही तेच पीसीआय उपकरण हवं. पहिला येईल त्याचं. दुसऱ्या मॉड्यूलला चढताना काहीच वाटत नाही; एलएसमॉडच्या यादीत दोन्ही नावं दिसतात. मग एसएलमॉडेमडी सुरू केला की तो /डेव/एसएलएएमआर० उघडता येत नाही म्हणून बाहेर पडतो. "कधी सापडलाच तर" या शब्दांचा अर्थ एवढाच होता.

दोघांतला एक काढायचा. मी एसएलएएमआर काढलं. ज्या मॉड्यूलच्या पोटात काय आहे ते दिसत नाही, ते कर्नलमध्ये ठेवण्यापेक्षा अल्साचं उघडं मॉड्यूल बरं. बंदिस्त गाभा एसएलमॉडेमडीमध्येही आहे, पण तो निदान यूजर प्रोग्रॅम आहे. मेला तर एकटा मरतो. एसएलएएमआरची .केओ फाइल हलवली, मॉडप्रोबच्या कॉन्फिगमधली त्याची नोंद पुसली, डेपमॉड -ए चालवलं. अल्साच्या डेव्हलपमेंट हेडर्स टाकून एसएलमॉडेम २.९.११ मेकला सपोर्ट_अल्सा=१ देऊन बांधला. हे विसरलात तर प्रोग्रॅम बिनबोभाट बांधला जातो, पण अल्साचा पर्यायच त्यात नसतो. मग देशाचं नाव आणि अल्साचं उपकरण एचडब्ल्यू:१ देऊन सुरू केला. /डेव/टीटीवायएसएल० ही लिंक तयार झाल्याची ओळ आली. ही लिंक /डेव/पीटीएस खालच्या एखाद्या आकड्याकडे जाते आणि आकडा दरवेळी बदलतो. म्हणून कॉन्फिगमध्ये लिंकचंच नाव लिहायचं. आधीच्या माणसाने एमकेनॉडने हाताने बनवलेल्या फाइली /डेव सांभाळणारा यूडेव्ह प्रत्येक बूटला पुसत होता, हे त्याच्या लक्षात आलेलं दिसलं नाही. ग्रुपचा पर्यायही द्यावा लागला, नाहीतर डायलआउट गटातल्या साध्या यूजरला पोर्ट उघडता येत नाही.

मिनिकॉम या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये एटी ला ओके आलं. नंबर फिरवणारी एटीडीटी दिल्यावर नो डायलटोन.

इथे ड्रायव्हरला दोष देण्याआधी तार बघावी. लाइनला समांतर मल्टिमीटर लावला: निवांत असताना ४८ व्होल्टच्या आसपास. अल्साच्या मॉडेम कार्डाला ऑफ-हुक नावाचा स्विच असतो. एमिक्सरला -सी १ देऊन तो चालू केला आणि आकडा १० च्या खाली आला. म्हणजे मॉडेम लाइन खरोखर उचलतो. (मीटर लावून बसलात तर उघड्या तारांना हात लावू नका, रिंग आली की ७५ व्होल्टच्या वरचा एसी असतो.) लाइन उचलली जाते, पण सूर ओळखू येत नाही, कारण जोडणी ऑफिसच्या एक्सचेंजमधून होती आणि तिचा आतला डायलटोन वेगळा होता. एटीएक्स३ दिलं की मॉडेम सुराची वाट न बघता आकडे फिरवतो. बाहेरची लाइन घेण्याचा आकडा, मग स्वल्पविराम, मग नंबर. प्रत्येक स्वल्पविरामाला एस८ रजिस्टरप्रमाणे साधारणपणे २ सेकंद थांबणं होतं. कनेक्ट ३१२०० आलं, म्हणजे सेकंदाला ३१२०० बिट. एक्सचेंजला वळसा घालून थेट लाइनवर लावलं तेव्हा ४५३३३. हा विचित्र आकडा बरोबर आहे, व्ही.९० या मॉडेमच्या मानकाचे वेग ८००० भागिले ६ च्या पायऱ्यांनी चढतात. आणि व्ही.९० ला फोन कंपनीकडून तुमच्यापर्यंत एकच डिजिटल-अॅनालॉग बदल चालतो. मध्ये एक्सचेंजने दुसरा घुसवला की व्ही.३४ या आधीच्या, हळू मानकावर समाधान मानायचं.

पहिली तक्रार संपली. फोनवरून इंटरनेटची जोडणी लावणारं पीपीपीडी चालवलं, आणि ४० सेकंदांनी लाइन तुटली. पुन्हा ३५. पुन्हा ४५.

पीपीपीडीचा डीबग लॉग स्वच्छ होता: दोन टोकांची बोलणी (एलसीपी) जुळली, पासवर्ड (पॅप) मंजूर, आयपीसीपीने आयपी पत्ता दिला. डायल करणाऱ्या डब्ल्यूव्हीडायलमध्ये "कॅरिअर चेक = नो" आधीच घातलं होतं, कारण या खोट्या टीटीवाय पोर्टला कॅरिअर, म्हणजे समोरच्या मॉडेमचा चालू सूर, दाखवणारी तारच नसते. देश बदलून पाहिला. एटी+एमएसने व्ही.९० बंद करून व्ही.३४ वर उतरवलं. एस१० वाढवून कॅरिअर गेल्यावर थांबायचा वेळ वाढवला. एसएलमॉडेम पुन्हा बांधला. हे सगळं मी ड्रायव्हरच संशयित धरून करत होतो, आणि यातल्या कशानेही फरक पडला नाही.

फरक भलतीकडे दिसला. मिनिकॉमने नुसती लाइन लावून समोरच्या लॉगिनवर सोडून दिली तर २० मिनिटं काही होत नव्हतं. तुटत होती ती पीपीपी लागल्यावर, म्हणजे मेल उतरवणारा प्रोग्रॅम जागा होऊन डिस्क घरघरायला लागल्यावर. मग तुलनेसाठी सीरियल पोर्टवर चालणारा बाहेरचा मॉडेम टीटीवायएस० ला लावला. तीच लाइन, तोच लॅपटॉप, तोच मेल. तुटला नाही. डाउनलोड अधूनमधून अडखळत होतं आणि इफकॉन्फिगमध्ये पीपीपी० च्या चुका वाढत होत्या, पण कॅरिअर टिकून होता. ११५२०० वेगाला यूएआरटीची १६ बाइटची रांग सुमारे १.४ मिलिसेकंदांत भरते. यंत्र त्याहून जास्त वेळ अडकलं की बाइट गळतात, टीसीपी ते पुन्हा मागवतो. लाइनवरचा सूर मात्र बाहेरच्या मॉडेमचा स्वतःचा प्रोसेसर सांभाळत असतो. त्याला लॅपटॉप अडकल्याचं कळतही नाही. आतल्या मॉडेममध्ये तो सूर सांभाळणाराच अडकतो.

आता एसएलमॉडेमडी डीबगसह समोर चालवला, मिनिकॉमने लाइन लावली आणि दुसऱ्या टर्मिनलवर डिस्कला राबवायला डीडी: /डेव/एचडीए (डिस्क) वरून वाच, /डेव/नलमध्ये (कुठेच न साठवता) टाक. पाच सेकंदांच्या आत अल्साच्या एक्सरनच्या, म्हणजे नमुने वेळेवर न उचलल्याच्या, ओळी धडाधड येऊ लागल्या, मॉडेमने समोरच्याशी पुन्हा जुळवून घ्यायचा प्रयत्न केला, आणि नो कॅरिअर. व्हीएमस्टॅट १ मध्ये त्या वेळी सिस्टिमचा रकाना, म्हणजे कर्नलने खाल्लेला सीपीयूचा वेळ, ९० टक्क्यांच्या वर. नुसतं डिस्क वाचायला सीपीयू एवढा राबतो म्हणजे एकच शक्यता. एचडीपार्म /डेव/एचडीए: यूझिंग_डीएमए = ०, म्हणजे डीएमए बंद.

डीएमए (सीपीयूला मध्ये न घेता डिस्क आणि मेमरी यांच्यातली ने-आण) नसलं की डिस्कवरच्या माहितीचा प्रत्येक तुकडा सीपीयूला स्वतः उचलावा लागतो, आणि अनमास्कआयआरक्यू ० असेल तर तेवढा वेळ इतर इंटरप्ट दाराबाहेर उभे राहतात. १० मिलिसेकंद उभे राहिले तर ९६ नमुने गेले. एचडीपार्म -यू१ देऊन ते इंटरप्ट आत घेतल्यावर तुटायला ४० सेकंदांऐवजी ४-५ मिनिटं लागू लागली. निदान बरोबर असल्याची खूण, पण उपाय नव्हे. डीएमए चालू करणाऱ्या -डी१ ला मात्र एचडीआयओ_सेट_डीएमए फेल्ड, ऑपरेशन नॉट परमिटेड. रूट असतानाही. हा संदेश परवानगीचा वाटतो, पण असतो ड्रायव्हरचा: कंट्रोलर आयडीई-जेनेरिकने पकडलेला होता आणि त्याला या चिपसेटचं डीएमए कसं चालवायचं ते ठाऊक नसतं. अपडेटमध्ये नवा इनिटआरडी (बूट होताना पहिले ड्रायव्हर पुरवणारी फाइल) बनला तेव्हा त्यात आयडीई-जेनेरिक आधी आणि इंटेलचा पीआयआयएक्स नंतर गेला होता. पीआयआयएक्स चढत होता, पण तोवर पकडायला काही उरत नव्हतं. सकाळच्या एसएलएएमआरसारखंच भांडण, फक्त दुसऱ्या घरातलं.

यादीत पीआयआयएक्स वर घेतला, इनिटआरडी पुन्हा बनवला. जुना बाजूला नाव बदलून ठेवला आणि बूटलोडरमध्ये त्याची नोंद राहू दिली. यात चूक झाली तर रूट डिस्कच सापडत नाही. रीबूटनंतर डीमेसेजमध्ये एचडीएसमोर यूडीएमए(१००). एचडीपार्म -टी आधी सेकंदाला ३ एमबी दाखवत होतं, आता २४.

लाइन थेट लावली, डीडी सुरू ठेवला, त्यावरच मेल उतरवली. ५० मिनिटांनी मीच बंद केली तोवर एकही एक्सरन नव्हता. एटीएक्स३, टीटीवायएसएल० आणि कॅरिअर चेक या तीन ओळी कॉन्फिगमध्ये पक्क्या केल्या, एसएलमॉडेमडीला स्टार्टअपमध्ये बसवलं आणि चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहिलं: टेलिफोनवाल्यांकडची तक्रार मागे घ्यावी.